ज्या लेकराला ऐकू येत नाही, त्याचा विश्वास

शब्बाथशाळेत सुवर्णवचन पाठ करून घेण्याची आपली जुनी रीत आहे. शिक्षक एकेक शब्द म्हणतो, मुले त्याच्यामागून म्हणतात, आणि दहा मिनिटांत सारा वर्ग एका सुरात वचन म्हणू लागतो. ज्याला ऐकू येत नाही अशा लेकराला या रीतीत जागा नाही. ते बाकाच्या टोकाला बसते व इतरांचे ओठ हलताना पाहून आपलेही हलवते. नाताळच्या नाटिकेत त्याला मेंढपाळ करतात, कारण मेंढपाळाला बोलावे लागत नाही. "किती शांत लेकरू आहे!" असे म्हणून आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

त्या लेकराच्या आईच्या मनात एक प्रश्न असतो, पण पाळकांना तो विचारायला ती धजत नाही. विश्वास ऐकण्याने उत्पन्न होतो असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे; तोंडाने कबुली देणाऱ्याचे तारण होते असेही त्याच दहाव्या अध्यायात आहे. मग ज्याचा कानही बंद आणि तोंडही बंद, त्याचे काय? मूल लहान आहे तोवर आपण देवाच्या दयेचा हवाला देतो. पण ते पंधरा-सोळा वर्षांचे झाले, बरोबरीच्या मुलांचे दृढीकरण झाले, ती प्रभुभोजनाला पुढे गेली आणि हे बाकावरच राहिले, म्हणजे प्रश्न उघडा पडतो.

हा प्रश्न फार जुना आहे. धर्मपिता ऑगस्टीन याने पेलाजियन मताच्या ज्युलियनला उत्तर देताना लिहिले की, जन्मजात बहिरेपण विश्वासालाही अडथळा करते. आणि आधार म्हणून रोमकरांस पत्रातील तेच वचन दिले. त्याचा मुद्दा मूळ पापाविषयी होता, बहिऱ्यांना दाराबाहेर ठेवण्याविषयी नव्हता. शिवाय बहिरी माणसे खुणांनी एकमेकांशी संभाषण करतात हे याच ऑगस्टीनने आपल्या दुसऱ्या लिखाणात नोंदून ठेवले आहे. पण लिहिलेल्या वाक्याचा पुढे कोण कसा उपयोग करील हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. त्या एका वाक्याचा दाखला शतकानुशतके दिला गेला.

आता पौलाचे वचन तिथेच न सोडता पुढची ओवी वाचावी. लोकांनी ऐकले नाही काय, असे विचारून पौल उत्तरादाखल स्तोत्रसंहितेतले १९ वे स्तोत्र पुढे करतो. त्या स्तोत्रात बोलते कोण? आकाश आणि अंतराळ. आणि ते बोलणे कसे आहे हे स्तोत्रकर्ता स्वतःच सांगतो: त्याला शब्द नाहीत, वाणी नाही, त्याचा आवाज कोणाच्या कानी पडत नाही, तरी ते पृथ्वीच्या टोकापर्यंत पोहोचते. म्हणजे 'ऐकणे' हा शब्द वापरून झाल्यावर प्रेषिताने जो पहिला दाखला दिला, तो डोळ्यांनी ऐकण्याचा आहे. मला वाटते, त्या आईच्या प्रश्नाला इतके उत्तर पुरे आहे. ऐकणे म्हणजे सांगणाऱ्याचा निरोप मनापर्यंत पोहोचणे. तो कानाच्या वाटेने आला की डोळ्यांच्या, याची नोंद स्वर्गात होत असेल असे वाटत नाही.

तोंडाच्या कबुलीचेही तसेच. जखऱ्या याजकाची वाचा गेली तेव्हा त्याने मंदिराबाहेरच्या लोकांना खुणा केल्या, आणि मुलाच्या नावाविषयी लोकांनीही त्यालाच खुणा करून विचारले. त्यावरून त्याचे कानही बंद झाले असावेत असे पुष्कळ टीकाकार मानतात. लूकने वापरलेला मूळ ग्रीक शब्द 'कोफॉस' बहिरा आणि मुका या दोन्ही अर्थी येतो. त्याने पाटीवर नाव लिहिले, आणि ते नाव मंजूर झाले. इंग्लंडातील लेस्टर येथे सेंट मार्टिन मंडळीच्या वहीत १५७६ सालच्या एका विवाहाची नोंद आहे. थॉमस टिल्सी हा वर बहिरा व मुका होता. त्याने वधूला आलिंगन देऊन, तिचा हात धरून, बोटात अंगठी घालून आणि आपल्या हृदयावर हात ठेवून लग्नाची शपथ खुणांनी वाहिली. ती मंडळीने ग्राह्य धरली. आपल्या देशात १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ११९ वे कलम होते: जो बोलू शकत नाही त्याने भर कोर्टात लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष ही तोंडी साक्षच मानावी. २०२४ साली त्या जागी नवा साक्ष अधिनियम आला, त्यातही ही तरतूद कायम आहे. न्यायाधीश खुणेला तोंडी साक्ष मानतो, आणि आपण दृढीकरणाच्या वर्गात विश्वासांगीकार तोंडपाठ म्हणता येत नाही म्हणून लेकराला थांबवतो. हे कसे?

इतका वेळ आपण लेकराविषयी बोललो. खरा प्रश्न आपल्याविषयी आहे. ऐकणारा आणि न ऐकणारा यांच्यामध्ये जी दरी आहे, ती ओलांडण्याचे कष्ट कोणी घ्यायचे?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एका बहिऱ्या-तोतऱ्या मनुष्याला प्रभूकडे आणले, ती गोष्ट आपण चमत्कार म्हणून शिकवतो. चमत्कार तो आहेच. पण चमत्काराच्या आधी प्रभूने काय काय केले ते सावकाश पाहावे. त्याला गर्दीतून बाजूला नेले. त्याच्या कानांत बोटे घातली. थुंकून त्याच्या जिभेला स्पर्श केला. वर आकाशाकडे पाहिले आणि उसासा टाकला. 'इप्फाथा' हा शब्द सर्वांत शेवटी आला. इतरांना प्रभूने नुसत्या शब्दाने बरे केले होते; शताधिपतीच्या चाकराला तर दुरूनच. मग इथे एवढे हातवारे कशासाठी? कारण त्या मनुष्याला कळणारी भाषा तीच होती. तुझा कान, तुझी जीभ, वरचा पिता, आणि तुझ्या दुःखाचा हा उसासा, असे चार शब्द प्रभूने त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलून घेतले. दरी ओलांडण्याचे कष्ट ऐकणाऱ्याने घेतले. हे घडले दकापलीस प्रांतात, जिथे निरनिराळ्या जातींचे व भाषांचे लोक एकत्र राहत होते.

आपला मुलूखही तसाच आहे. पूर्वी औराद तालुक्यात असलेले आणि आता स्वतः तालुक्याचे ठिकाण झालेले कमलनगर घ्या. १९५६ पर्यंत हा सारा भाग हैदराबाद राज्यात होता. नंतर बीदर कर्नाटकात आले आणि उदगीर पलीकडे राहिले. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. ऐकणारे पोर या तिन्ही भाषा खेळता खेळता उचलते. पण बहिऱ्या लेकराला ओठ पाहून शब्द ओळखायचा असतो, आणि प, ब, म हे तिन्ही ओठांवर एकसारखेच दिसतात. एका भाषेत जे कठीण, ते तीन भाषांत किती कठीण असेल! आई मराठीत ओठ हलवते, शाळेत गुरुजी कन्नडमध्ये. लेकराच्या हाती शेवटी एकही भाषा लागत नाही.

आणि भाषा वेळेवर लागली नाही तर नुकसान कायमचे होते. माणसाच्या मनात भाषेचा पाया पहिल्या तीन-चार वर्षांत पडतो. बहिऱ्या मुलांपैकी दहात नऊहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात. त्यांना काही ठाऊक नसते. "मुलगे उशिराच बोलतात," असे आजी म्हणते, आणि दोन वर्षे जातात. मग कोणी सांगते अमक्या सभेत रोगी बरे होतात, आणि आणखी दोन वर्षे जातात. प्रार्थनेविरुद्ध मी बोलत नाही. प्रभूने कान उघडले यावर माझा विश्वास आहे. पण लेकराला एका सभेतून दुसऱ्या सभेत नेत राहायचे, आणि कान उघडले नाहीत म्हणजे आईला "तुझा विश्वास उणा पडला" असे ऐकवायचे, ही प्रार्थना नव्हे. जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारले होते की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. तो प्रश्न प्रभूने तिथेच मोडून काढला होता. आपण तो पुन्हा उभा करतो.

कारणे सांगायचीच तर ती वैद्यकाची आहेत. गरोदरपणी आईला रुबेला होणे, दिवस पुरे होण्याआधी जन्म, जन्मानंतरची भारी कावीळ, मेंदूज्वर, काही औषधांचा परिणाम, आणि रक्तातून उतरणारे दोष. गोवर-रुबेला लसीची मोहीम २०१७ साली पहिल्याने ज्या पाच ठिकाणी सुरू झाली त्यांत कर्नाटक होते, ही चांगली गोष्ट. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची, क्वचित मामा-भाचीच्या लग्नाची चाल आहे, आणि ख्रिस्ती घरेही तिला अपवाद नाहीत. नात्यातल्या लग्नाने असे दोष उतरण्याचा संभव वाढतो. हे तरुण संघाच्या सभेत लग्ने ठरण्याआधी सांगावे. मूल झाल्यावर आईच्या तोंडावर सांगणे हा निव्वळ दुष्टपणा.

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात बहिऱ्याला शाप न देण्याची आज्ञा आहे. लहानपणापासून मला तिचे नवल वाटे. ज्याला ऐकू येत नाही त्याला शापाने काय होणार? पण गावात अशा लेकराला त्याच्या बाप्तिस्म्याच्या नावाने कोण हाक मारतो? "ए मुक्या," "ती मुकी." त्याला ते ऐकू येत नाही, शेजारी उभ्या असलेल्या आईला येते. आणि आज्ञेच्या शेवटी देवाचे भय धरण्यास सांगितले आहे, कारण त्यालाही ऐकू येते. वास्तविक यांतली बहुतेक लेकरे मुकी नसतात. त्यांचा घसा व जीभ धड असते. शब्द कधी कानी पडला नाही म्हणून तो ओठी आला नाही, इतकेच.

पूर्वी शिकलेल्या लोकांनीही या बाबतीत जबरदस्ती केली आहे. १८८० साली मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणा हद्दपार करून मुलांना केवळ तोंडाने बोलायला शिकवावे असा ठराव झाला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला. मध्ये १३० वर्षे गेली.

याउलट उदाहरण आपल्या मंडळ्यांच्या घराण्यातले आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल ज्या अँडोव्हर धर्मविद्यालयातून १८१३ साली मुंबईस आले, तिथेच त्या सुमारास थॉमस गॅलोडेट शिकत होते. शेजाऱ्यांची अ‍ॅलिस ही बहिरी मुलगी अंगणात एकटी असलेली त्यांनी पाहिली, आणि पुढे पॅरिसला जाऊन ते खुणांची शिक्षणपद्धती शिकले. तिथून लॉराँ क्लेर या बहिऱ्या शिक्षकालाच सोबत आणून १८१७ साली हार्टफर्ड येथे त्यांनी शाळा काढली. शिकवायला बहिरा माणूसच आणला, हे मला विशेष वाटते. आपल्या देशात तिरुनेलवेलीजवळ पालयमकोट्टै येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन या मिशनरी बाईंनी १८९७ साली सुरू केलेली शाळा प्रसिद्ध आहे.

२०११ च्या जनगणनेत ऐकण्याची अडचण असलेले ५० लाखांहून अधिक लोक मोजले गेले. त्यांच्यासाठी आज पुष्कळ सोयी आहेत. त्या आईपर्यंत पोहोचत नाहीत एवढेच. सरकारी बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व शाळेतील मुलांचे कान तपासण्याची सोय २०१३ पासून आहे. म्हैसूरला १९६५ पासून वाक्-श्रवण संस्था आहे, मुंबईला वांद्र्यात १९८३ पासून अली यावर जंग संस्था. म्हैसूर राज्याच्या दुसऱ्या टोकाला हे खरे, पण बीदरच्या जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करता येते. अपंगत्वाचा दाखला लवकर काढावा, कारण पुढच्या सर्व सवलती त्यावर अवलंबून असतात. २०१६ च्या कायद्याप्रमाणे अशा मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कानातले यंत्र किंवा कॉक्लियाची शस्त्रक्रिया ज्याला लागू पडेल त्याने ती लवकर करावी. पण त्यानंतर कित्येक वर्षे शिकवावे लागते, हेही आईबापांनी आधी समजून घ्यावे. आणि त्या वाटेवर असताना खुणांना भिऊ नये. लेकरू दोन-तीन वर्षे कोणत्याच भाषेवाचून राहणे यासारखी वाईट गोष्ट नाही.

खुणांच्या भाषेचा आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना आणखी एक लाभ आहे. स्वतः बहिरे असलेले मदन वसिष्ठ व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या वर्षांत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगळूर येथे पाहणी केली, तेव्हा शब्दांत थोडाफार फरक असला तरी व्याकरण सगळीकडे सारखेच आढळले. उदगीरच्या लेकराची आणि बीदरच्या लेकराची भाषा एकच, मधे सीमा नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संस्थेने २०२१ साली दहा हजार शब्दांचा चित्रफितींचा कोश पुरा केला, आणि तो फोनवर फुकट पाहता येतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एवढेच सांगतो. उजेड आपल्या तोंडावर पडेल असे उभे राहा. खिडकीकडे पाठ करू नका. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. सुवर्णवचन मोठ्या अक्षरांत लिहून टांगा. दर रविवारी पाच खुणा शिका आणि त्या साऱ्या वर्गाला शिकवा, म्हणजे त्या लेकराला वर्गात बोलायला कोणी तरी मिळेल. आईला मागच्या बाकावर बसवून घ्या, तिलाही शिकायचे असते. पहिली खूण त्या लेकराच्या नावाची ठरवा. बहिऱ्या लोकांत प्रत्येकाला अशी एक खूण असते, आणि ती त्यालाच निवडू द्या.