फडाची शिस्त

एखादी रीत पिढ्यानपिढ्या टिकली की ती लोकांच्या रक्तात भिनली आहे, असं आपण म्हणून टाकतो. मला ते फारसं पटत नाही. धुळे जिल्ह्यातल्या पांझराकाठची फड पद्धत पाहिली की शंका आणखी बळावते.

नदीवर बंधारा, त्यातून काढलेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. एकात ऊस, तर दुसऱ्यात हंगामी, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. पाण्याची पाळी पाटकरी सांभाळणार, त्याच्यावर पंच. काही शतकं हे चाललं. सरकारी हुकूम नाही, मीटर नाही.

यातली खरी मेख जमिनीच्या वाटपात आहे. शेतकऱ्याचे तुकडे सहसा वेगवेगळ्या फडांत विखुरलेले. पाऊस ओढला की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांनाच थोडीथोडी लागायची. ज्याने एकट्याने हट्टाने वेगळं पीक घेतलं, त्याला पाळी जुळायची नाही, नुकसान त्याचंच. असं असताना प्रत्येक शेतकरी संतवृत्तीचा असायची काय गरज? पूर्वजांच्या समजूतदारपणाचं कौतुक जरूर करावं, पण निम्मं श्रेय त्या आखणीचं आहे. आणि थळात, म्हणजे पाटाखालच्या भिजणाऱ्या क्षेत्रात, ज्याची जमीनच नव्हती, त्याला या समतेत वाटा नव्हता. तेही तितकंच घट्ट रुजलेलं होतं. गौरवलेखांत मात्र ते येत नाही.

मग विहिरी आल्या, मोटारी आल्या. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला पाटकऱ्याची वाट पाहण्याचं कारण उरलं नाही. रक्तात भिनलेली म्हणवणारी शिस्त बऱ्याच ठिकाणी एकदोन पिढ्यांत सैल पडली. माणसं बिघडली म्हणून नव्हे. एकमेकांवाचून भागायला लागलं म्हणून.

महाराष्ट्राने 2005 मध्ये सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देण्याचा कायदा केला. हेतू चांगलाच आहे. पण कालव्याच्या तोंडाशी शेत असलेला सभासद दरवर्षी तोंडाशीच राहतो आणि शेपटाकडचा शेपटाकडेच. आखणीने जे आपोआप साधायचं, ते इथे ठराव करून आणि समजूत घालून मिळवायचं आहे. संस्थांच्या शिबिरांत सहकार्यावर भाषणं होतात. त्याआधी लाभक्षेत्राचा नकाशा भिंतीवर लावावा आणि पाणी अपुरं पडलं तर सगळ्यांत आधी कुणाचं पीक जळतं, हे सभासदांनाच त्यावर दाखवायला सांगावं.