नोव्हेंबरमधला पराभव

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा मोसम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतो. पहिले दोन-चार सामने झाले न झाले की निकाल द्यायला सगळे मोकळे. हा संघ अजिंक्य, तो संघ कामातून गेला. तेव्हा कोर्टवर धावणाऱ्या बऱ्याच मुलांचं वय असतं अठरा-एकोणीस. काही महिन्यांपूर्वी ती हायस्कूलमध्ये होती.

2013 सालचा केंटकी विद्यापीठाचा संघ या घाईचा उत्तम नमुना. ज्युलियस रँडल, जेम्स यंग, डकारी जॉन्सन आणि अँड्र्यू व आरन हे हॅरिसन जुळे भाऊ, अशी देशभर नावाजलेली मुलं एकाच वर्षी विद्यापीठाच्या गावी, लेक्सिंग्टनला दाखल झाली. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी. एकही सामना झाला नव्हता, तरी क्रमवारीत पहिलं स्थान मिळालं. चाहते तर त्याही पुढे गेले. मोसमातले चाळीसच्या चाळीस सामने जिंकणार, असं सांगणारे टी-शर्ट त्यांनी आधीच छापून घेतले. (असे टी-शर्ट नंतर कोण घालतं, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं.)

12 नोव्हेंबरला शिकागोत मिशिगन स्टेटशी गाठ पडली. तिथे जुनी, मुरलेली मुलं होती. सामना सुरू झाला आणि फलकावर 10-0 लागलं. केंटकीची मुलं गांगरली. पास चुकले, बचावात कोण कुणाला अडवणार याचा पत्ता नव्हता, फ्री थ्रो वाया जात होते. उत्तरार्धात मात्र ती पेटून उठली, बरोबरीपर्यंत पोचली आणि अखेर 78-74 अशी हरली. रँडलचे एकट्याचे 27 गुण आणि 13 रिबाउंड.

दुसऱ्या दिवशी चर्चा एकाच गोष्टीची: चाळीस विजयांचं स्वप्न मोडलं. आपल्याकडे पहिल्या घटक चाचणीचा पेपर घरी आला की आधी गुण बघतात, कुठली गणितं चुकली ते बघायला कुणाला सवड नसते, तसंच हे. खरं तर त्या एका सामन्यात सगळं लिहिलेलं होतं. दहा गुणांनी मागे पडूनही ही मुलं सामना सोडून देत नाहीत, ही जमेची बाजू. अवघड बास्केट करतील पण सोपं काम नीट करणार नाहीत, ही उधारीची.

सोपं काम म्हणजे फ्री थ्रो. 15 फुटांवरून टाकायचा, समोर कुणी हात उंचावत नाही, घाई नाही. त्याला उंची लागत नाही, उडी लागत नाही. लागतो तो रोजचा कंटाळवाणा सराव. असामान्य मुलांना नेमकं हेच नकोसं वाटतं, असं माझं मत आहे, आणि ते केवळ खेळापुरतं नाही.

उरलेला मोसम खडतर गेला. बाद फेरीला निघेपर्यंत 10 पराभव झाले होते. आठवं मानांकन मिळालं तेव्हा जाणकारांनी हा संघ मोडीत काढला होता. मग त्याच मुलांनी तोवर एकही सामना न हरलेल्या विचिटा स्टेटला घरी पाठवलं, आदल्या वर्षीच्या विजेत्या लुईव्हिलला हरवलं. मिशिगन आणि विस्कॉन्सिनविरुद्ध आरन हॅरिसनने शेवटच्या काही सेकंदांत तीन गुणांची बास्केट टाकली. नोव्हेंबरमध्ये अजिंक्य म्हणणारे चुकले होते, मार्चमध्ये संपले म्हणणारेही चुकले.

7 एप्रिल 2014 ला टेक्सासमधल्या अर्लिंग्टनला अंतिम सामना झाला. केंटकीचे सुरुवातीचे पाचही खेळाडू पहिल्या वर्षाचे. समोर कनेक्टिकट, आणि त्यांचा म्होरक्या शबाझ नेपियर कॉलेजच्या चौथ्या वर्षाचा. केंटकी 60-54 अशी हरली. फरक 6 गुणांचा. केंटकीला 24 फ्री थ्रो मिळाले, त्यांतले 11 चुकले. कनेक्टिकटने दहापैकी दहा टाकले. सामन्याचं गणित इतकं सरळ नसतं, हे मान्य. पण नोव्हेंबरच्या पेपरातली चूक एप्रिलच्या पेपरात तशीच होती.

म्हणून कुठलाही कोवळा संघ पाहताना, मग तो खेळाचा असो, कार्यालयातला असो वा गावच्या नाटक मंडळीचा, हरला की जिंकला हे थोडं नंतर विचारा. मागे पडल्यावर ही मुलं एकमेकांशी बोलतात का? चूक झाल्यावर शेजाऱ्याकडे बोट दाखवतात की धावत मागे येतात? सोप्या कामाला किती वेळ देतात? एवढं बघायला पहिला महिना पुरतो. बाकीच्या गोष्टींसाठी वय वाढावं लागतं.

त्या अंतिम सामन्यानंतर रँडल आणि यंग एनबीएमध्ये गेले. हॅरिसन बंधू आणि जॉन्सन आणखी एक वर्ष कॉलेजातच थांबले. त्या वर्षी केंटकीने सलग 38 सामने जिंकले आणि एकच गमावला.