पुरेसा उपचार

घरात कॅन्सरचं निदान झालं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: काही कमी पडू द्यायचं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कुटुंबात मोठ्या काकांच्या टाचेवरच्या काळ्या चट्ट्याचा तुकडा तपासून आला आणि ‘मेलॅनोमा’ हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं. मग कुणी वावर विकायची भाषा केली, कुणी धामणगावहून गाडी धरून मुंबईला टाटात न्यायचं म्हटलं, तर कुणी सरळ पाय काढून टाकावा म्हणालं. या सगळ्यामागे माया होती आणि तिच्यासोबत एक जुना समजही होता: उपचार जितका मोठा तितका खात्रीचा. हा समज एकेकाळी डॉक्टरांचाही होता. त्यांनी तो कसा आणि का बदलला, हे कळत गेलं तसा आमचा विचारही बदलत गेला.

मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गोऱ्या कातडीच्या लोकांत त्याचा उन्हाशी जवळचा संबंध आहे. आपल्याकडे तो मुळात विरळा, आणि होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. तिथे उन्हाचा फारसा वाटा नसतो. पऱ्हाटीची धसकटं लागून भेगाळलेल्या पायावरचा काळा डाग कुणाच्या डोळ्यांत भरणार? कुरूप समजून मलम लावलं जातं, डाग पसरत जातो, जखम भरत नाही. जांघेत गाठ आली की मग दवाखाना आठवतो.

लंडनचे शल्यविशारद विल्यम सॅम्पसन हँडली यांनी १९०७ मध्ये या आजाराच्या शस्त्रक्रियेबद्दल व्याख्यानं दिली. आजार पसरून मरण पावलेल्या एका रुग्णाच्या शवविच्छेदनावर त्यांचं म्हणणं मुख्यतः बेतलेलं होतं. डागाभोवतीचा बराच भाग काढावा, असा त्यांचा सल्ला. पुढच्या पिढ्यांत तो चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर असा पक्का झाला आणि कित्येक दशकं टिकला. टाचेवर पाच सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ सगळी टाच.

१९७० मध्ये अमेरिकेतले अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवलं की पुढचा धोका ठरतो तो मुख्यतः गाठ कातडीत किती मिलिमीटर खोल गेली आहे त्यावरून. त्यानंतर पहिल्यांदाच ‘किती कापायचं’ हा प्रश्न मोजून विचारता आला. उंबेर्तो व्हेरोनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पातळ मेलॅनोमावरची तुलना प्रसिद्ध केली: काही रुग्णांत एक सेंटीमीटर कडा सोडून कापलं, काहींत तीन. दोन्ही गट सारखेच जगले. आज खोल गेलेल्या गाठीलाही साधारण दोन सेंटीमीटरची कडा पुरेशी मानतात.

म्हणजे जितकं कमी तितकं चांगलं, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याला १९७७ मध्ये मेलॅनोमा असल्याचं कळलं. अंगठा काढायचा सल्ला त्याने मानला नाही. नख आणि त्याखालचा थोडा भाग काढून तिथे त्वचा लावली. १९८१ मध्ये तो अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला. अंगठा काढला असता तर तो वाचलाच असता, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण भीती किंवा श्रद्धा हे काही उपचार मोजायचं माप नव्हे, एवढं त्यातून कळतं. माप आजाराचंच हवं.

जांघेतल्या गाठींचा, म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथींचा, इतिहासही याच वाटेने गेला. पूर्वी त्या सरसकट काढत. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी आजार जिथे सर्वांत आधी पोचतो ती पहिली गाठ शोधून तेवढीच तपासायची पद्धत मांडली. तिच्यात कॅन्सर सापडला तर मात्र बाकीच्या गाठी काढायच्याच, असं मानत. २०१७ मध्ये एका मोठ्या चाचणीने हेही तपासलं. सगळ्या गाठी लगेच काढलेले आणि ठरावीक मुदतीने सोनोग्राफी करून नजरेखाली ठेवलेले, या दोन गटांत मेलॅनोमाने होणारे मृत्यू सारखेच निघाले. फरक पडला तो सुजेत: गाठी काढलेल्यांत सुमारे २४ टक्के, नुसत्या पाहणीतल्यांत सुमारे ६ टक्के. हत्तीपायासारखा जड झालेला पाय घेऊन चिखलात डवरणी कशी करायची, हे शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगावं लागत नाही.

काकांच्या पहिल्या गाठीत आजार पोचलेला होता. त्यामुळे पुढचा प्रश्न औषधाचा होता. १९७५ पासून या आजारावर डकार्बाझिन हे केमोथेरपीचं औषध वापरात होतं, पण त्याने थोड्यांच्याच गाठी आकसत. २०११ नंतर शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करणारी औषधं आली आणि चित्र पालटलं. त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. यातलं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध शस्त्रक्रियेनंतर वर्षभर दिलं, तर गाठींपर्यंत पोचलेला आजार एका वर्षात न उलटलेले रुग्ण शंभरात ७५ होते, औषधाविना ६१. दुसऱ्या बाजूला, औषध घेणाऱ्या शंभरांतल्या सुमारे १५ जणांना त्याचे गंभीर दुष्परिणाम झाले. तळपायाच्या मेलॅनोमाला ही औषधं तुलनेने कमी लागू पडतात, हेही हिशेबात धरायला हवं. आणि खर्च वावर विकायला लावणारा.

खर्चाच्या बाजूनेही ‘पुरेसं किती’ हा प्रश्न विचारला गेला, आणि तो महाराष्ट्रातच. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये याच प्रकारच्या निव्होलुमॅब या औषधाची नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी मात्रा स्वस्त गोळ्यांना जोडून दिली. २०२२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हा मेलॅनोमावरचा पुरावा नाही आणि तसा वापरूही नये. पण पूर्ण मात्रा परवडत नसेल तर काहीच नाही, ही कोंडी फोडता येते हे त्याने दाखवलं.

हे सगळं आम्ही काकांपुढे मांडलं तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: “मले वावरात चालता येईन का? आन् हे औषध नाही घेतलं तं का होईन?” शंभर वर्षांच्या संशोधनाचा रोख याच दोन प्रश्नांकडे आहे. उपचाराने माझ्या जगण्यात काय वाढेल, काय घटेल, आणि तो न घेण्याची किंमत काय. त्यांनी नागपूरला मोजक्या कडेची शस्त्रक्रिया करून घेतली, बाकीच्या गाठी पाहणीत ठेवल्या आणि इंजेक्शनं नाकारली. लहान मुलं असलेल्या चाळिशीतल्या माणसाने कदाचित ती घेतली असती, आणि तोही निर्णय तितकाच बरोबर ठरला असता.

मात्र पाहणी हा उपचार तेव्हाच ठरतो, जेव्हा ती खरोखर होते. गाठींवरच्या २०१७ च्या चाचणीतले रुग्ण सुरुवातीला दर चार महिन्यांनी सोनोग्राफीला येत होते, म्हणून तो निकाल लागला. घाटंजी किंवा झरी जामणीच्या मजुराला दर खेपेला नागपूर गाठायचं तर रोजी बुडते, सोबतच्याचीही बुडते, आणि दोन खेपांनंतर तारीख चुकते. ज्याची तारीख चुकणार हे आधीच दिसतं, त्याला डॉक्टर गाठी काढून टाका असंच सांगतील आणि त्यांचं चुकणार नाही. म्हणून पुरेशा उपचाराची निवड खऱ्या अर्थाने सगळ्यांची व्हायची असेल तर ती सोनोग्राफी यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ठरल्या दिवशी, नाव नोंदवून झाली पाहिजे, आणि फायद्या-तोट्याचे हे आकडे रुग्णाला त्याच्या बोलीत, बसवून सांगितले गेले पाहिजेत. तसं होत नाही तोवर किती कापायचं हे आजाराची खोली नव्हे, तर नागपूरचं अंतर ठरवत राहील.