मोहरे मोजताना

चि. भाच्यास,

तू लिहून पाठवलेला डाव पटावर मांडून पाहिला. वजिराने तीन प्यादी टिपलीस, तरी मात झाली, म्हणून तू हिरमुसला आहेस. पण तेवढ्या वेळात तुझे दोन्ही उंट आणि हत्ती जागचे हललेसुद्धा नव्हते. प्याद्याचा एक, घोड्याचे आणि उंटाचे तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ हे गुण तुला पाठ आहेत. मात्र कोंडलेला हत्ती पाचांचा राहत नाही.

१८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात पॉल मॉर्फी ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या जोडीशी खेळला. तो डाव मांड आणि आठव्या चालीपाशी थांब. बी७वरचं प्यादं मॉर्फीच्या वजिराला आयतं मिळत होतं. घेतलं असतं, तर काळ्याने, म्हणजे त्या जोडीने, बी४वर शह देऊन वजिरांची अदलाबदल केली असती. एक प्यादं जास्त घेऊन मॉर्फी सावकाश जिंकलाही असता. त्याने ते सोडलं आणि दुसरा घोडा बाहेर काढला. काळ्याचा वजीर ई७वर, स्वतःच्याच उंटाच्या वाटेत उभा होता. त्यामुळे राजाला कॅसलिंगही करता येईना. मग मॉर्फीने दोन प्याद्यांसाठी घोडा दिला, घोड्यासाठी हत्ती दिला आणि सोळाव्या चालीला वजीरही दिला. सतराव्या चालीला मात! तेव्हा प्यादी सोडून त्याच्याकडे एक हत्ती आणि एक उंट उरला होता: आठ गुण. काळ्याकडे वीस. पण त्यांतले आठ गुण, म्हणजे एफ८वरचा उंट आणि एच८वरचा हत्ती, अख्ख्या डावात एकदाही हलले नाहीत.

हे वाचून उद्यापासून मोहरे उधळू नकोस. काळ्याचं कॅसलिंग झालेलं असतं, तर तसा घोडा देणं निव्वळ नुकसानीचं ठरलं असतं. मोहऱ्यांचा जोर चार-पाच चालींत ओसरू शकतो, जास्तीचं प्यादं मात्र शेवटपर्यंत टिकतं. म्हणून काही देण्याआधी समोरच्याचे किती मोहरे राजाच्या मदतीला पोचू शकतात, ते बघ. आणि तुझ्याकडे माल जास्त असून राजा अडचणीत असेल, तर घेतलेलं थोडं परत देऊन मोकळा हो. नवशिक्यांना हे फार जड जातं, पण त्याने कितीतरी डाव वाचतात.

पुढच्या डावात आधी घोडे-उंट बाहेर काढ, कॅसलिंग कर, मगच प्याद्यांकडे बघ. चाली लिहून ठेव. हरलास तरी पाठव.

तुझा,
मामा