नावावर हक्क कुणाचा?

धायरी फाट्यावरच्या टपरीवर विडीचा कट्टा मागताना जुन्या गिऱ्हाइकांच्या तोंडून अजून ‘संभाजी’ निघतं, हातात पडते ती ‘साबळे’. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीला हे नाव बदलावं लागलं, कारण २०२० मध्ये शिवप्रेमींचं आंदोलन पेटलं. कट्टा संपला की छत्रपतींच्या नावाचा कागद पायदळी जातो, हे त्यांना सहन होत नव्हतं. मला ती मागणी रास्तच वाटली. १६८९ मध्ये औरंगजेबाने ज्या राजाला हालहाल करून मारलं, त्याचं नाव तंबाखूवर नकोच होतं.

पण इतकी वर्षं ते कंपनीचं राहिलं कसं? ट्रेडमार्कची नोंद मुख्यतः एवढंच पाहते, की हे नाव या मालावर दुसऱ्याने लावू नये. १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याने शिवाजी महाराजांचं नाव धंद्यापासून राखलं. संभाजी महाराजांसाठी मात्र लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं.

तंबाखूवरच्या नावांचा असाच वाद क्युबाच्या सिगारींवरूनही झाला. तिथे १९६० मध्ये कॅस्ट्रोच्या सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. मालक परागंदा झाले, पण अमेरिकी न्यायालयांनी त्यांचा नावांवरचा अमेरिकेतला हक्क मान्य केला. म्हणून मोंतेक्रिस्तो, पार्तागास ही नावं अमेरिकेत एकाची, इतरत्र क्युबाची. कोहिबाचं प्रकरण मला जास्त खुपतं. हे नाव क्रांतीनंतरचं, १९६६ चं. कुठल्याही परागंदा मालकाचं ते नव्हतं. क्युबाचा माल निर्बंधांमुळे अमेरिकेत येऊच शकत नव्हता, आणि १९८१ मध्ये जनरल सिगार कंपनीने हे नाव तिथे स्वतःच्या नावे नोंदवलं. क्युबाने १९९७ मध्ये हरकत घेतली. नोंदणी रद्द करण्याचा तिथल्या ट्रेडमार्क मंडळाचा निर्णय यायला २०२२ उजाडलं.

तिकडे क्युबा आणि कंपनी, दोघांनाही नाव विकायला हवं होतं. इथे ते कुणीच विकू नये, असं लोकांचं म्हणणं होतं. असा हक्क कुठल्या नोंदवहीत बसत नाही, तरी मी तो खरा मानतो.

मात्र दोन्हीकडे कारागिरांना कुणी विचारलं नाही. हवानात सिगार वळणारे, सोलापूर-सिन्नरकडे तेंदूपत्ता कातरून, तंबाखू भरून सुताने विडी बांधणाऱ्या बायका. गिऱ्हाईक पुन्हा तोच कट्टा मागतं, ते यांच्या हाताला एकसारखं वळण आहे म्हणून. छापाची किंमत त्या हातांनी वाढवली. तिच्यात त्यांचा वाटा नाही. त्यांना मिळते हजार विड्यांमागची मजुरी, तीही खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या सोडून.