पेंढ्याविना विटा



निर्गमाच्या पुस्तकातील पाचवा अध्याय या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून वाचावा. इस्राएली लोक इजिप्तमध्ये फारो राजासाठी विटा पाडत होते. देवाच्या उपासनेसाठी तीन दिवसांची सवड द्यावी, अशी विनंती मोशे व अहरोन यांनी केली. फारोने काय केले? विटांसाठी मिळणारा पेंढा बंद केला. पेंढा तुम्हीच गोळा करा, पण विटा तेवढ्याच भरल्या पाहिजेत, असा हुकूम सोडला. वर लोकांनाच आळशी ठरवले.

हजारो वर्षांपूर्वीची ही गोष्ट बोईसर-तारापूरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. एमआयडीसीत कापड, रसायने, औषधे, पोलाद यांचे कारखाने आले. त्यांच्यामुळे आपल्या कित्येक घरांत चूल पेटली, मुले शिकली, हे कृतज्ञतेने मान्य करू या. पण त्याच घरांतले दुखणेही आपल्याला ठाऊक आहे. तिघांचे काम दोघांवर येते, टार्गेट मात्र तेच राहते. आठ तासांची पाळी बारा तासांची होते. एकाच मशीनवर कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी उभे राहतात, पण पगारात जमीन-अस्मानाचा फरक. तक्रार केली तर उत्तर ठरलेले असते, परवडत नसेल तर गेटबाहेर दुसरे उभे आहेत!

या उत्तराला ख्रिस्तसभेने १८९१ सालीच प्रत्युत्तर दिले आहे. पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात शिकवले, की गरजेपोटी कामगाराने कमी मजुरी कबूल केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल एवढी मजुरी हा त्याचा हक्क आहे. संघटना करण्याचाही त्याला हक्क आहे. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, त्यामागे मुख्यतः हेच परिपत्रक होते, असे त्यांनी स्वतः सांगितले.

त्याच परिपत्रकात कामगारांनाही कर्तव्य सांगितले आहे. कबूल केलेले काम प्रामाणिकपणे करावे, मालमत्तेची नासधूस करू नये, हक्कासाठी हिंसेचा मार्ग धरू नये. मे २०२३ मध्ये बोईसरच्याच एका पोलाद कारखान्यात संघटनेच्या वादातून दगडफेक झाली. पोलीस जखमी झाले, कामगारांना अटक झाली. अशा वेळी पहिला मार बसतो तो कामगाराच्या घराला.

मग मुकाट सोसावे काय? नाही. नेमणूकपत्र, पगाराची स्लिप, हजेरी जपून ठेवा. जादा तासांना दुप्पट दर हा १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनचा नियम आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही तो कायम आहे. नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. आपला हक्क ठाऊक असणे हा उद्धटपणा नव्हे. एकट्याने कुरकुर करण्यापेक्षा चौघांनी मिळून, लेखी आणि शांतपणे मागणी करावी.

आता त्या अध्यायातील मुकादमांकडे पाहू या. ते इस्राएलीच होते. विटा कमी भरल्या, तेव्हा फटके त्यांनाच बसले. ते फारोकडे दाद मागायला गेले, पण त्याने त्यांनाही आळशी म्हटले. मग ते चिडले कोणावर? फारोवर नव्हे, मोशेवर! वरचा ओरडतो म्हणून आपण खालच्यावर ओरडावे, असे आपल्यातल्या सुपरवायझर बंधूंच्या बाबतीत होत नाही ना? आपल्यात कंत्राटदारही आहेत. मजुराचे हजेरीचे पैसे, पी.एफ. अडवून ठेवायचे आणि रविवारी दानपेटीत नोट टाकायची, हे देवाला चालेल काय? अडवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी पोहोचतो, असे संत याकोब बजावतात. न्याय आधी, दानधर्म नंतर.

आपल्या चर्चमध्ये मजूर, सुपरवायझर आणि कंत्राटदार एकाच बाकावर बसतात, मिस्सामध्ये एकमेकांना शांती देतात, एकाच भाकरीत सहभागी होतात. ही शांती सोमवारी कारखान्याच्या गेटवर सोडून द्यायची काय? या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. माझ्या हाताखालच्या माणसाकडून मी पेंढ्याविना विटा मागतो आहे काय? घरी स्वयंपाक करणारी, भांडी घासणारी बाईही त्यात आली.

नाझरेथच्या कारखान्यात घाम गाळणाऱ्या संत योसेफा, आमच्या श्रमिकांसाठी विनंती कर. हे प्रभू, कामगाराला धीर दे, अधिकाऱ्याला न्यायबुद्धी दे आणि आम्हा सर्वांना एकमेकांचा आक्रोश ऐकणारे कान दे. आमेन.