श्रोत्याचा धर्म

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे अशा माला गावोगावच्या वाचनालयांनी आपल्याशा केल्या. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय तर 1848 सालचे, म्हणजे त्या मालेहूनही जुने. एवढी दीर्घ परंपरा असूनही वक्त्याने कसे बोलावे याचीच चर्चा आपण करतो; श्रोत्याने कसे ऐकावे, हा प्रश्न सहसा मनावर घेत नाही. खुर्च्या भरल्या आणि आभारप्रदर्शन लांबले नाही, की कार्यक्रम यशस्वी!

प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटीस एक मार्मिक दृष्टान्त देतो. लहान मुलांच्या न्यायसभेत आचाऱ्याने वैद्यावर फिर्याद केली, तर वैद्याची धडगत नाही. आचारी गोड खाऊ घालतो, वैद्य कडू काढा पाजतो. नुसते मन रिझवणारे वक्तृत्व सॉक्रेटीसला त्या आचाऱ्याच्या पंक्तीतले वाटते. पण दृष्टान्तातला खरा प्रश्न निवाडा करणाऱ्यांचा आहे. ते मूलच राहिले, तर वैद्याने करावे काय?

आपल्या भागात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेचा सल आपल्या घराघरांत आहे. बाहेरून आलेला पाहुणा ‘मराठी खरी जपली ती तुम्हीच’ असे म्हणतो आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. ही स्तुती खोटी नसते. ती अर्धी असते. आपल्या घरातले मूल मराठी पुस्तक उघडते का, हे उरलेले अर्धे त्यात येत नाही.

कोणी विचारील, दुखावलेल्या माणसाला दोन गोड शब्दांचाही हक्क नाही काय? अवश्य आहे. जखमेवर फुंकर हवीच. पण फुंकर म्हणजे औषध नव्हे. फुंकर घालायला सभा-मेळावे आहेत. वाचनालयाचे व्यासपीठ पुस्तकांच्या कपाटाशेजारी उभे असते, आणि कपाटात एकमेकांचे खंडन करणारे ग्रंथ पाठीला पाठ लावून सुखाने नांदतात. तेथील वाणीलाही तोच न्याय हवा.

धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांचे उदाहरण घ्या. घरची भाषा मराठी, आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार कन्नड ‘नाकु तंती’साठी. त्यांनी मराठीतही लेखन केले. ते कोणाचे, हा प्रश्न दोन्हीकडच्या अभिमानाला अडचणीचा आहे. म्हणूनच त्यांच्यावर मराठीतून एक संध्याकाळ खर्च व्हावी. अवघड प्रश्न जिच्यात मांडता येतात, ती भाषा टिकते. केवळ गौरवाने कोणतीही भाषा जगत नाही.

ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. न पटलेले शेवटपर्यंत ऐकावे, मग उठून एक नेमका प्रश्न विचारावा. प्रश्नाच्या नावाखाली दुसरे भाषण करू नये. पुढच्या वर्षीचा वक्ता ठरवताना कार्यकारिणी आपल्या टाळ्यांचाच अंदाज घेत असते. तेव्हा व्याख्यानमालेच्या दर्जाची अर्धी जबाबदारी आपल्या ओंजळीत आहे.

आणि रात्री घरी परतल्यावर मुलांनी ‘काय सांगितले हो पाहुण्यांनी?’ असे विचारले, तर ‘छान बोलले’ याहून अधिक काही आपल्याला सांगता आले पाहिजे.